मूड ओळखणारी माणसे

आमच्या बँकेत साहेब यायच्या आधी साहेबांचा मूड येत असे. तो आणायचे काम शिपाई चाचांकडे होते. शाखा खाली आणि साहेबांचे घर वरच्या मजल्यावर. सकाळी चाचा वर जाऊन वर्तमानपत्र देऊन खाली उतरले की आम्हा क्लार्क मंडळींच्या नजरा त्यांच्याकडे लागत. चाचा तोंडाने काही बोलत नसत. रुमाल खांद्यावर असला म्हणजे रजेचा अर्ज टाकायला हरकत नाही. हातात गुंडाळलेला असला म्हणजे आज कुणी केबिनकडे फिरकू नये. मी १९८१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कामाला लागलो तेव्हाची ही पद्धत. चार वर्षांत तीन साहेब बदलले, पण चाचांचा अंदाज चुकल्याचे मला आठवत नाही. चाचा चौथीपर्यंत शिकलेले होते.

पुढे वीसेक वर्षांनी, मी अधिकारी झाल्यावर, बँकेने मला प्रशिक्षणाला पाठवले. विषय होता 'भावनिक बुद्धिमत्ता'. शिकवणारे गृहस्थ टाय लावून आले होते आणि भिंतीवर एकामागून एक चित्रे टाकत होते. १९९० साली पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी ही कल्पना शास्त्रीय भाषेत मांडली. १९९५ साली डॅनियल गोलमन यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि ते जगभर खपले. १९९८ साली त्यांनीच 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये लेख लिहून चांगल्या व्यवस्थापकाच्या अंगी काय काय असावे ते सांगितले. स्वतःच्या भावना ओळखणे, त्या आवरणे, आतून येणारी उमेद, दुसऱ्याच्या मनातले समजणे आणि माणसे जोडणे. मी सगळे वहीत उतरवून घेत होतो आणि मला सारखे चाचा आठवत होते. यातले उमेदीचे काय ते मला सांगता येणार नाही, पण बाकीचे चारही गुण त्यांच्या अंगी भरपूर होते. त्यांना मात्र अशा प्रशिक्षणाला कुणी कधी पाठवले नाही. पाठवायची गरजही नव्हती म्हणा.

माझे अब्बा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मागावर होते. मालक कारखान्यात शिरताना चपला कशा काढतो, यावरून त्यांना आठवड्याची उचल मागायची की नाही ते कळे. घरी येऊन अम्मीला एवढेच सांगत, "आज मालक गरम थे." अम्मी समजून जाई आणि वाण्याकडे उधारीचा निरोप धाडी. मालक वाईट माणूस नव्हता. ईदला प्रत्येक कामगाराच्या घरी मिठाई पाठवायचा. पण अब्बांना त्याची चाल, त्याचा खोकला, त्याच्या घरात चाललेली भावाभावांची भांडणे, हे सगळे पाठ होते, आणि त्याला अब्बांना किती मुले आहेत हेही सांगता आले नसते. त्याला ते माहीत असण्याची गरज पडली नव्हती. खालच्या माणसाला वरच्याचे मन वाचावेच लागते, त्यावर त्याची चूल असते. वरच्याने नाही वाचले तरी त्याचे काही अडत नाही.

ही माझी तक्रार नव्हे. याचा प्रयोगही झालेला आहे. २००६ साली ॲडम गॅलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. काही लोकांना, आपल्या हातात दुसऱ्यावर सत्ता होती असा प्रसंग आठवायला सांगितला. काहींना, दुसऱ्याची सत्ता आपल्यावर होती असा. मग सगळ्यांना सांगितले की स्वतःच्या कपाळावर इंग्रजी 'ई' हे अक्षर काढा. ते दोन प्रकारे काढता येते. समोरच्याला सुलटे दिसेल असे, किंवा आपल्या बाजूने सुलटे, म्हणजे समोरच्याला उलटे. सत्ता आठवलेल्यांपैकी अनेकांनी ते आपल्या बाजूने काढले. सत्तेखालचा प्रसंग आठवलेल्यांत असे करणारे फारच थोडे निघाले. आणि ही सत्ता नुसती आठवलेली होती. तीस वर्षे जो खुर्चीत बसला आहे त्याच्या कपाळावरचे अक्षर कसे असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

प्रशिक्षणात शब्दावरून थोडा घोळ झाला होता. सर म्हणाले, ही सहानुभूती नव्हे, सहानुभूती म्हणजे लांबून कीव करणे, ही समानुभूती. वर्गात कुणालाच तो शब्द पेलवेना. इंग्रजी शब्द तरी कुठे जुना आहे? एडवर्ड टिचनर यांनी तो १९०९ साली एका जर्मन शब्दावरून घडवला. आपल्या घरात 'हमदर्दी' म्हणतात आणि तो शब्द चांगला आहे, पण तो बहुतेक मयतीच्या घरी वापरला जातो. मला विचाराल तर या कामाला मराठीतला 'जाण' हा शब्द पुरेसा आहे. 'त्या माणसाला जाण आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला कळते हेही आले आणि कळल्यावर तो तसे वागतो हेही आले.

कारण कळणे आणि वागणे यांत किती अंतर पडू शकते, ते मी जवळून पाहिले आहे. एका शाखेत आम्हाला जे साहेब लाभले ते असले प्रशिक्षण घेऊनच आले होते. अतिशय गोड माणूस. केबिनमध्ये बोलावून आधी चहा मागवायचे, खुर्ची पुढे ओढून बसायचे, नावाने हाक मारायचे, आईच्या गुडघ्याची चौकशी करायचे. आमच्या एका सहकाऱ्याची बदली दोनशे किलोमीटरवर झाली. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. सहा महिने मुदत मिळावी म्हणून तो अर्ज घेऊन गेला. साहेबांनी अर्धा तास त्याचे सगळे ऐकून घेतले. त्यांचे डोळे पाणावले. "तुमच्या जागी मी असतो तर मलाही असंच वाटलं असतं," म्हणाले. तो बाहेर आला तो समाधानानेच. साहेबांचे गुण गात स्टँडवर गेला, गाडीत बसला, आणि गाडी सुटल्यावर त्याच्या लक्षात आले की अर्ज त्याच्याच खिशात आहे. साहेबांनी तो घेतलाच नव्हता. वर पाठवणे, शिफारशीच्या दोन ओळी लिहिणे, हे त्यांच्या हातात होते. त्यांनी दिले ते डोळ्यांतले पाणी. आठव्या दिवशी तो नव्या गावी हजर झाला.

अर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ सालच्या आपल्या पुस्तकात विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास मांडला आहे. हसणे हाही तिथे कामाचाच भाग, पगारात धरलेला. आणि असे रोज हसून हसून स्वतःचे खरे हसू कोणते ते माणसाला कळेनासे होते, असे त्या म्हणतात. काउंटरवर बसलेल्या कोणत्याही क्लार्कला हे वेगळे सांगायला नको. पण त्या गोड साहेबांकडे पाहून मला वाटायचे की हे मालाचे पॅकिंग आहे. आत माल तोच, 'नाही' नावाचा.

याच्या उलट आमचे अगदी पहिले साहेब. तोंडाचे फटकळ. 'गाढवा' हा त्यांचा नेहमीचा शब्द. कुणाच्या आईबापाची चौकशी त्यांनी कधी केली नाही. पण एकदा संध्याकाळी कॅश जुळेना, पाचशे रुपये कमी येऊ लागले. तेव्हा पाचशे म्हणजे मोठी रक्कम. कॅशियर रडकुंडीला आला. साहेबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, सगळी व्हाउचरे जमिनीवर पसरली आणि रात्री साडेदहापर्यंत त्याच्याबरोबर मांडी घालून बसले, तोंडाने शिव्या चालूच. शेवटी एका व्हाउचरवर दोनाचे सात झालेले सापडले. "जा, घरी जा, बायको वाट बघत असेल, गाढवा," म्हणाले. प्रशिक्षणातल्या तक्त्यावर त्यांना किती गुण मिळाले असते कोण जाणे. तो कॅशियर निवृत्त होईपर्यंत त्यांच्या नावाने कान पकडायचा.

माझी स्वतःची परीक्षा म्हणाल तर ती नोकरीच्या शेवटी आली. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा मी एका तालुक्याच्या शाखेत व्यवस्थापक होतो. माझ्यासकट सात माणसे. ९ तारखेला बँका लोकांसाठी बंद होत्या, १० तारखेला उघडल्या. सकाळी शटर वर केले तेव्हा रांग पार मारुतीच्या देवळाला वळसा घालून गेली होती. एका माणसाला चार हजारांपर्यंत बदलून द्यायचे, पुढे साडेचार हजार, मग एकदम दोन हजार, आणि २४ तारखेनंतर तेही बंद. नियम बदलल्याचे आम्हाला कधी कधी रांगेतला माणूसच सांगायचा, मोबाईलवर बघून. शनिवार-रविवारीही शाखा उघडी. वरून दिवसातून चारदा आकडे मागत. खालून लोक काचेवर हात आपटत.

शनिवारी रात्री माझ्या तरुण कॅशियरची कॅश आठ हजारांनी कमी आली. नव्या दोन हजारांच्या नोटा कोऱ्या करकरीत, एकमेकींना चिकटलेल्या. कुठेतरी चार जास्त गेल्या होत्या. आम्ही सगळे बसलो, दोनदा मोजले, सगळ्या पावत्या तपासल्या. सापडले नाही. ते पैसे आजतागायत सापडलेले नाहीत. नियम असा की कमी आलेली रक्कम कॅशियरने भरायची. म्हणजे त्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा गेला. सहकाऱ्यांनी त्याच रात्री पाकिटात वर्गणी घातली, ती त्याने हात जोडून परत केली.

त्याला थोडा आराम द्यावा, दोन दिवस आत जुन्या नोटांच्या थप्प्या लावायला बसवावे, असे माझ्या मनात आले. पण सांगण्याआधी मी त्यालाच विचारले, "उद्याचं कसं करू या, तू सांग."

तो थोडा वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "सर, उद्या मला काउंटरवरून उठवू नका."

"दमला आहेस."

"दमलोय. पण उद्या त्या खुर्चीत दुसरं कुणी दिसलं तर गाव काय म्हणेल, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होते. त्याचे आडनाव आणि माझे आडनाव एकाच यादीतले. पैसे कमी आल्याची बातमी गावात सकाळपर्यंत पोचणार होती, आणि आपल्या आडनावाचा माणूस खुर्चीतून उठलेला दिसला की लोक हिशेब वेगळा करतात. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो त्याच खुर्चीत त्याच काचेमागे बसला. मी एकच गोष्ट केली. वर पाठवायच्या अहवालात 'रोखपालाकडून आठ हजार रुपये कमी' एवढे न लिहिता, एरवी दिवसाला दीडशे व्यवहार करणाऱ्या या मुलाने त्या दिवशी चारशेच्या वर केले आणि दुपारी तो जेवलेला नाही, हेही लिहिले. वरून त्यावर काही उत्तर आले नाही. पण मेमोही आला नाही.

आता यात एक मेख आहे. त्याचे म्हणणे मला अर्ध्या वाक्यात समजले, पण त्यात माझी बुद्धिमत्ता कोणती? तो माझ्यातला होता. पॉल ब्लूम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २०१६ सालीच 'अगेन्स्ट एम्पथी' या नावाचे पुस्तक काढले. नाव वाचून राग येतो, पण म्हणणे ऐकण्यासारखे आहे. ही समजूत म्हणजे झोतासारखी असते. जिथे पडते तिथे लख्ख उजेड, बाजूला मिट्ट काळोख. आणि झोत फिरवणारा हात आपसूक आपल्या माणसांकडे, देखण्या माणसांकडे, जवळच्यांकडे वळतो. आपल्या समाजाने या झोताबाहेरचा अंधार पुष्कळ अनुभवला आहे. पण खुर्चीत बसल्यावर झोत आपल्या हातात येतो, आणि तो आपल्या हातातही तसाच वागतो.

म्हणून त्या रविवारी संध्याकाळी मी एक वही घेतली. सात नावे लिहिली. प्रत्येकाला रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास, जेवायला किंवा वाटेल त्यासाठी. आणि आठवड्यातून एकदा अर्धा दिवस घरी. मागो न मागो, पाळी आली की उठायचे. आपली पाळी दुसऱ्याला द्यायची नाही. कुणाला खरी अडचण असेल तर ती या शिवाय. एक अनुभवी हेडकॅशियर म्हणाले, "साहेब, लढाईच्या वेळी कुणी रजा वाटतं का?" मी म्हटले, "दमलेला माणूस आठ हजार जास्त देतो." ते गप्प बसले.

त्यातून एक गोष्ट घडली, ती मला आजही मोलाची वाटते. शाखेत एक बाई होत्या, कधी कुणाजवळ घरचे न बोलणाऱ्या. एकवीस वर्षांच्या नोकरीत साहेबांपुढे रडल्याचे कुणी पाहिले नव्हते. पाळी आली तेव्हा त्या न बोलता उठल्या, पर्स घेतली आणि गेल्या. कुठे गेल्या, का गेल्या, मी विचारले नाही. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण हात चालत होते. त्यांचे दुःख काय होते ते मला माहीत नाही. सांगायची वेळ त्यांच्यावर आली नाही. केबिनमध्ये येऊन मन मोकळे करा असे सांगणाऱ्या साहेबांना हे कळत नाही की मन मोकळे केल्याशिवाय रजा न मिळणे हीही एक शिक्षाच असते. जो बोलतो, रडतो, ज्याला शब्द सापडतात, त्याला मिळते. अबोल माणूस उरतो.

आणि त्या वहीतही एक नाव राहिले होतेच. मंगळवारी मी सकाळी सातला शाखेत पोचलो. सफाईच्या मावशी फरशी पुसत होत्या. त्या अर्धवेळ कामाला, अर्ध्या पगारावर. आम्ही यायच्या आधी येऊन जाणाऱ्या. त्या आठवड्यात रांगेतल्या शेकडो लोकांची थुंकी, तंबाखू, पाण्याच्या पिशव्या, सगळे त्यांच्या एकट्या झाडूवर. पुसून झाल्यावर बादली ठेवून त्या बाहेर गेल्या. नऊ वाजता मी खिडकीतून पाहिले तर मावशी रांगेत उभ्या. साठ-सत्तर माणसांच्या मागे. पदराच्या गाठीत पाचशेच्या चार जुन्या नोटा.

मी बाहेर गेलो. "मावशी, तुम्ही आमच्याच की. काल सांगायचं नाही का?"

"तुमचे कुनाचे हात मोकळे हुते का सायेब?" त्या म्हणाल्या. "चार दिस झालं बघतीया, तुमचा डबा भरल्याला तसाच परत जातुया."

सात माणसांच्या शाखेत माझा डबा न उघडता परत जातो हे फक्त त्यांनी पाहिले होते. त्या दिवशी रांगेतल्या त्यांच्या नंबरानेच, फॉर्म भरून, ओळखपत्राची झेरॉक्स लावून त्यांच्या नोटा बदलल्या. रांग मोडायला त्या तयार नव्हत्या. वहीत आठवे नाव लिहिले. किरकोळ खर्चातून महिनाभरासाठी त्यांच्या हाताखाली एक पोरगा लावला. एवढे करायचा अधिकार मला पहिल्या दिवसापासून होता.

लहानपणी मौलवीसाहेबांकडून आपण सगळ्यांनी हजरत अनस यांची हकीकत ऐकली आहे. दहा वर्षे ते पैगंबरांच्या सेवेत होते, आणि त्या काळात त्यांना कधी त्रासिक शब्द ऐकावा लागला नाही की केल्या-न केल्याचा जाब द्यावा लागला नाही. मोठे झाल्यावर मला त्यातले एक वेगळेच जाणवले. ही साक्ष सेवकाची आहे. आमच्या बँकेत दरवर्षी गोपनीय अहवाल लिहिले जात, ते वरचा खालच्याबद्दल लिही. 'माणसे सांभाळण्याची क्षमता' असा एक रकाना त्यात असे, आणि तो माझ्यासाठी भरणारा अधिकारी ऐंशी किलोमीटर दूर बसलेला होता. चाचांना किंवा मावशींना तो भरायला दिला असता तर बँकेतल्या अर्ध्या बढत्या अडल्या असत्या.

मी २०१८ साली निवृत्त झालो. तो कॅशियर परीक्षा देऊन अधिकारी झाला, आता मराठवाड्यात एका शाखेचा व्यवस्थापक आहे. चार माणसांची शाखा, आणि काम आमच्या सात माणसांहून जास्त. रात्री दहा वाजता ग्रुपवर विम्याचे टार्गेट येते, कुणी किती विकले त्याची यादी लागते, शेवटच्या नावाला लाल रंग. सकाळी आठला व्हीसी. माणसांशी कसे वागावे याचा ऑनलाइन कोर्सही त्याने पुरा केला आहे. तो पुरा केला नाही तर तेही लाल रंगात येते. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. शाखेतला एक मुलगा वर्षभरात एकही रजा घेत नाही, रोज उशिरापर्यंत बसतो, विचारले तर "काही नाही सर" म्हणतो.

"त्याला बोलतं करू का, सर?"

"बोलतं कशाला करतोस? वही कर."

"कोणती वही?" त्याने विचारले, आणि मग स्वतःच हसला. पुढे काही बोलणार तोच पलीकडे कुणीतरी हाक मारली. "सर, व्हीसी लागली, ठेवतो."

आठ दिवसांनी त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. दोन क्लार्क, एक हाताखालचा अधिकारी, सफाईचे काका, सगळ्यांच्या पाळ्या नीट आखलेल्या. मी चष्मा लावून दोनदा पाहिले. मग लिहिले, "यात तुझं नाव कुठे आहे?"

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अजून आलेले नाही.